अठरा किलोंचं झुंबर

"हेच घेऊ," निकमबाई म्हणाल्या. पितळी झुंबर, त्याला लोलकांच्या तीन रांगा. सोबत आलेल्या सुधाकर इलेक्ट्रिशियननं त्याचं वजन विचारलं.

"अठरा किलो आहे," दुकानदार म्हणाला. "हुक स्लॅबमध्ये आहे ना?"

"आमच्या सुधाकरनं बसवलाय. हत्ती टांगला तरी हलायचा नाही. रविवारी नातीचं बारसं, पाळणा बरोबर याच्याखाली ठेवणार."

सुधाकरनं झुंबर हातानं जरासं उचलून पाहिलं. मागच्या आठवड्यात हॉलच्या स्लॅबला भोक पाडताना सळई लागली आणि ड्रिलचा बिट तुटला. रंगारी ताटकळले होते. हलकासा दिवाच तर लागणार, असं म्हणून त्यानं हुक खालच्या पीओपीच्या नकली छताच्या पट्टीलाच पिळला आणि वरून पुट्टी फिरवली.

दुकानदार शिडी आणायला गेला, तसा सुधाकर हळूच म्हणाला, "बाई, हे नका घेऊ. बिट तुटला म्हणून हुक नुसता पीओपीला लावलाय. चुकलं माझं."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं,

"बेडरूममधला पंखा तू त्यानंतर लावलास ना रे?"

आठवडाभर सुधाकर नेमकं हेच आठवायचं टाळत होता. त्या पंख्याचा हुकही पीओपीलाच होता.

"बाळ कुठंय आत्ता?" त्यानं विचारलं.

"तिथंच. आपण निघालो तेव्हाच लेकीनं पंख्याखाली झोपवलंय."

"घरी फोन लावा बाई. पंखा बंद करायला सांगा. नको, आधी बाळाला उचलायला सांगा."