शंभर बैठकांचा पासवर्ड

"अर्धी बैठक धरणार नाही. शंभर मारा, मग वायफायचा आजचा पासवर्ड देतो," वस्ताद म्हणायचे.

पोरं येईनात म्हणून तालीम बंद पडायला आलेली. आम्ही दिवसभर गेम खेळायचो; जिना चढताना धाप लागायची. पण फुकट नेटसाठी बारा जण रोज बैठका मारायला लागलो. आमची पोटं गेली, तालीम वाचली.

मग वस्तादांनीच एकदा गेम खेळून बघितला आणि महिनाभर ते आखाड्यात उतरलेच नाहीत. आता पोट त्यांना सुटलं. शेवटी आम्हीच पासवर्ड बदलला.

आज वस्तादांच्या बायको दुधाची कळशी घेऊन तालमीच्या दारात आल्या. "लेकरांनो, लई उपकार केलेत. हे पुन्हा लंगोट लावून मातीत उतरले."

आतून आवाज आला, "नव्याण्णव... शंभर! सांगा रं आता."

"वस्ताद, शेवटची अर्धीच झाली."