उष्टी भाकरी

“हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात जातो, घरच्यांच्या उष्ट्यातून,” डॉक्टर मला म्हणाले. “अजून चाचणीत असलेलं हे औषध त्याच्या एका प्रोटीनवरच नेम धरतं. त्या प्रोटीनचं काम थांबलं, की पोटाची सूज उतरेल.”

शेजारी बसलेली आई पदराचं टोक पिळू लागली. मला दाढा येईपर्यंत भाकरी स्वतः चावून भरवल्याचं ती गावभर कौतुकाने सांगायची.

घरी आल्यावर तिने माझं ताट वाढलं आणि स्वतः लांब जाऊन बसली. “मीच घातलं गं हे दुखणं तुझ्या पोटात.”

“आधी भाकरी घातलीस. दुखणं तिच्या मागून आलं.” मी ताट घेऊन तिच्याजवळ सरकले आणि तोंड उघडलं.

“गरम आहे,” ती पुटपुटली.

“मग फुंकर मारून भरव.”