मांतुआच्या अलीकडे

इटलीतल्या सपाट मुलखात, नदीच्या बांधावरून बाप-लेक निवांत सायकली चालवत होते. फेरारा सोडून तीन दिवस झाले, तरी मृणालिनीला विषय काढायचा धीर होत नव्हता. चढ कुठेच नसल्याने दम लागल्याचं निमित्तही चालेना.

तळ्यापलीकडे मांतुआचे घुमट दिसले, तशी ती थांबली. "अप्पा, मी शिरीषकडे परत जाणार नाही."

अप्पांनी हेल्मेट काढून कपाळ पुसलं. हे स्थळ त्यांनीच हट्टाने जमवलं होतं. आता बोलणी बसणार म्हणून तिने मान खाली घातली.

"चार वर्षं एकटीने सोसलंस?" त्यांनी हळूच विचारलं. "माझंच चुकलं, पोरी."

सायकल आडवी ठेवून ते गवतात बसले आणि शेजारची जागा दाखवत म्हणाले, "ये, बस. घाई नाही आपल्याला. पहिल्यापासून सांग."