वस्तादांची जीभ

वितळलेल्या पीनट बटरचा वास स्वयंपाकघरात पसरला आणि वस्तादांनी तोंडावर रुमाल दाबला. पोटातून उमासा वर आला. तो त्यांनी गिळला. ओट्यापाशी पातेलं ढवळत त्यांची मुलगी म्हणाली, "काय मस्त वास सुटलाय ना, बाबा?"

"छानच," वस्ताद म्हणाले.

त्यांना तो वास यंत्राच्या वंगणासारखा येत होता. कोकोचा त्याहून वाईट, जळक्या टायरसारखा. अंडी फोडली तेव्हा तर कोणी ओलं कुत्रं आणून मांडीवर बसवलंय असं वाटलं होतं. घशावरचे उपचार संपून पाच महिने झाले होते. गाठ गेली, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेली. तोंडात काहीही घातलं की गंजका खिळा चोखल्यासारखं व्हायचं. पाण्याचीसुद्धा शिसारी यायची. डॉक्टर म्हणाले होते, चव परत येते. कोणाची लवकर, कोणाची उशिरा. "आणि कोणाची नाही," हे वस्तादांनीच पुढे जोडलं होतं, आणि डॉक्टरांनी ते खोडलं नव्हतं.

पस्तीस वर्षं बेकरी चालवलेल्या माणसाने ही गोष्ट घरात कोणाला सांगितली नव्हती.

त्यांच्या जिभेचा एके काळी दरारा होता. गिऱ्हाईक असो, कारागीर असो की सासुरवाडी, ते कोणाची भीड ठेवत नसत. स्वतःच्या लग्नातल्या जेवणालाही त्यांनी पंगतीत बसूनच नावं ठेवली होती. मुलीने दहाव्या वर्षी पहिल्यांदा बिस्किटं केली, तेव्हा एक चावून ते म्हणाले होते, "दाराला अडसर म्हणून चालतील." ती त्यानंतर भट्टीकडे फिरकली नाही. मोठी होऊन शाळेत शिकवायला लागली.

आजारपणात मात्र ती रोज काहीतरी करून त्यांच्यापुढे ठेवायची, आणि ते छान म्हणायचे. चव कळत नाही हे सांगायची लाज वाटायची, म्हणून छान. बायकोच्या करपलेल्या भातालाही छान.  ताट उचलताना ती त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली होती. त्यांना स्वतःला 'छान' हा शब्द आता गंजापेक्षा किळसवाणा वाटत होता.

त्याच शब्दाने घात केला. गेल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "बाबा, मी शाळा सोडते. बंद पडलेली बेकरी मी चालवते. तुम्हाला माझ्या हातचं आवडतंय म्हटल्यावर मला दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही." राजीनाम्याचं पत्र तिने लिहूनही ठेवलं. ते उद्या द्यायचं होतं.

केक ओव्हनमधून निघाला. एकाच भांड्यात सगळं कालवून केलेला, अगदी सोपा. तिने तो गार होऊ दिला, कापला, एक तुकडा बशीत घालून त्यांच्यापुढे सरकवला. वरचा पीनट बटरचा थर चकचकत होता. वस्तादांना त्याच्याकडे बघवेना.

"बस जरा," ते म्हणाले. "मला चव कळत नाही. पाच महिने कशाचीच कळलेली नाही. तुझ्या सगळ्या पदार्थांना मी आंधळेपणाने छान म्हणालोय."

ती उभीच राहिली. दारात तिची आई येऊन थांबली होती.

"म्हणजे मला काहीच येत नाही?" मुलीने विचारलं.

"ते मला माहीत नाही. हाच तर घोळ आहे. पत्र देऊ नकोस. मी बेकरी विकतोय."

तिने सुरी धुतली. पुसली. ओटा पुसायला घेतला. रडली असती तर वस्तादांना बरं वाटलं असतं. मग मागे न वळताच ती म्हणाली, "केलाय तर खा तरी."

एवढ्या बोलण्यानंतर नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. त्यांनी श्वास रोखला, डोळे मिटले आणि एक घास तोंडात टाकला. नेहमीप्रमाणे आधी गंज आला. औषध गिळावं तसा तो गिळून टाकणार, तेवढ्यात जिभेच्या मागच्या कडेला काहीतरी बोचलं. वस्ताद चावता चावता थांबले. पुन्हा चावले. त्यांचा चेहरा असा वेडावाकडा झाला, की बायको दारातून धावत आत आली आणि तिने त्यांच्यापुढे रिकामं पातेलं धरलं.

त्यांनी ते हाताने बाजूला केलं.

"पीनट बटर कुठलं वापरलंस?"

"आपल्या बेकरीतली बरणी होती," मुलगी वळून म्हणाली. "फळीवर राहिलेली. का?"

"खवट आहे."

तिने एक तुकडा मोडून खाल्ला. आधी तिला काहीच जाणवलं नाही. मग चॉकलेट जिभेवरून उतरलं आणि मागून तो जुनाट, कडवट तेलकटपणा वर आला. तिने घास बेसिनमध्ये थुंकला आणि ती बापाकडे बघत राहिली. आई पातेलं हातात धरून तशीच खाली बसली.

"केक हलका झालाय," वस्ताद म्हणाले. "भाजलायस बरोबर. साखर जास्त आहे. पण ते खवट तोंडात घेववत नाही. इतकी घाण गोष्ट मी जन्मात खाल्ली नव्हती."

त्यांनी बशीतला उरलेला तुकडा संपवला आणि रिकामी बशी पुढे केली.

"अजून एक तुकडा दे."