पिवळं चिन्ह

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या लक्ष्मीकांतने पेचकस बॅगेत टाकला आणि आता फॉरमॅटशिवाय इलाज नाही, असं सांगून टाकलं.

यशोधरा खुर्चीवरून हलली नाही. "आणि यादी?"

"जाईल, ताई. सगळंच साफ होईल."

इंदूरच्या तुकोगंजमधल्या गिरणी कामगार संघाच्या त्या खोलीत ती आठ महिने यादी भरत होती. गिरणीला कुलूप लागून दहा वर्षं झाली होती. हजेरीची रजिस्टरं वाळवीने खाल्ली होती. कामगारांच्या थकबाकीच्या दाव्यात, गिरणीत नेमकं कोण कोण कामाला होतं, असं कोर्टाने विचारलं, तेव्हा ती घरोघर फिरली, जुने गेटपास पाहिले आणि दोन हजार एकशे नावं कॉम्प्युटरवर चढवली. छापील यादी सोमवारी सकाळी द्यायची होती. आज रविवार होता.

शुक्रवारी विजेच्या झटक्याने मदरबोर्ड जळला, फ्लॉपी ड्राइव्हही गेली. लक्ष्मीकांतने नवा बोर्ड बसवला. मशीन सुरू झालं, यादी उघडली, पण प्रिंटर ढिम्म हलेना. विंडोज नव्या बोर्डाला ओळखतच नव्हतं. संघाचे सेक्रेटरी बाळकृष्णजी पडद्यावरून नावं हाताने उतरवायला बसले. तासाभरात साठ झाली.

यशोधराने इंदूरच्या तीन कॉम्प्युटर क्लासना फोन लावले. सगळे बंद. मग जवळच्या महू गावातल्या एका क्लासचा नंबर फिरवला. तिथे कोणीतरी उचलला.

"सर आहेत का?"

"बोला," पलीकडचा आवाज म्हणाला. वयस्कर, शांत.

तिने सगळं सांगितलं. आवाजाने ऐकून घेतलं.

"विंडोज पुन्हा टाकायचं नाही," तो म्हणाला. "नव्या पार्टचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, तेवढा बदलायचा. बोर्डाबरोबर सीडी आली होती?"

आली होती. लक्ष्मीकांतने ती खोक्यातून काढून दिली, पण असं काही होत नसतं, भिया, हेही बाळकृष्णजींना ऐकवलं.

आवाज एकेक पायरी सांगत गेला. माय कॉम्प्युटरवर उजवं बटण. प्रॉपर्टीज. डिव्हाइस मॅनेजर. घाई नाही, अडखळणं नाही. प्रत्येक पायरीला पडद्यावर काय आलं ते तो तिला वाचून दाखवायला लावी.

"आता एका ओळीवर पिवळं चिन्ह असेल."

"आहे. प्रिंटर पोर्टवर."

"पिवळंच आहे ना?" त्याने जरा कुतूहलाने विचारलं. मग अपडेट ड्रायव्हर दाबायला सांगितलं.

पहिल्यांदा जमलं नाही. ड्रायव्हर सापडत नाही, असा संदेश आला. लक्ष्मीकांत हसला. यशोधराने संदेश फोनवर वाचून दाखवला. आवाज म्हणाला, "मशीनला शोधू देऊ नका. जागा तुम्ही दाखवा. सीडीत विंडोज अठ्ठ्याण्णवचं वेगळं फोल्डर असतं, ते निवडा."

तिने निवडलं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पिवळं चिन्ह गेलं होतं. यादी जागेवर होती. तिने प्रिंटची आज्ञा दिली आणि प्रिंटर करकरत चालू झाला. पहिला कागद बाहेर आला तसे बाळकृष्णजी पेन खाली ठेवून उभेच राहिले. लक्ष्मीकांतने बॅग उघडून वही काढली आणि सगळ्या पायऱ्या लिहून घेतल्या.

सोमवारी कोर्टाने यादी दाखल करून घेतली. बाहेर जमलेल्या कामगारांनी यशोधराला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

मंगळवारी ती पेढ्यांचा डबा घेऊन महूला गेली. क्लासचे सर, आशिष, तिशीचे होते. आवाज तो नव्हता. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते गोंधळले. रविवारी क्लासला कुलूप होतं, ते स्वतः भोपाळला होते. फोन तेवढा बाहेर, दाराजवळच्या टेबलावर असतो, ते म्हणाले.

दाराशी स्टुलावर बसलेले खाकी कपड्यांतले चौकीदार, आनंदराव, संकोचून उठले.

"मीच बोललो, ताई. गिरणी बंद झाल्यावर सहा वर्षं मिळेल ते काम केलं, मग या दारात आलो. आतलं शिकवणं चार वर्षं कानावर पडतंय. कॉम्प्युटर तेवढा अजून बघितला नाही."