निळ्या जिभा

त्या दुपारी पळस्प्याच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये आप्पा एकेका पिल्लाच्या डोळ्यात निळा थेंब सोडत होते आणि चोच उघडून लेकीला निळी झालेली जीभ दाखवत होते. “जीभ निळी म्हणजे थेंब पोचला. आपल्या निकेशनं बनवलेली नवी लस हाय, रोगाची भीती नाय.” महिन्याभरात रोगानं शेड रिकामी झाली, पाठोपाठ आप्पाही गेले. तेराव्याला निकेश पाहुण्यांना सांगत होता, “लस उत्तम होती. आप्पांचा हात थरथरायचा, थेंब बाहेर पडले असतील.” थोरल्या भावाचं बोलणं तिने चारचौघांत कधी खोडलं नव्हतं. वाढता वाढता ती थांबली. “दादा, लशीच्या चाचणीत तुलनेसाठी एका शेडला नुसतं निळं पाणी द्यायचं होतं, आणि तू आपली शेड निवडलीस. पनवेलच्या दवाखान्यात भेटायला आलेल्या तुझ्या कंपनीच्या साहेबांच्या तोंडून आप्पांना ते कळलं. तरी मला म्हणाले, पोरी, निकेशला बोलू नको, त्याला वाईट वाटंल.”