पहिलं ऐकलेलं

विभाआत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं, ऋजुता हे नाव सांगितलं, आणि बारा दिवसांची पोर डोळे विस्फारून ऐकत राहिली. शलाकाला रडूच फुटलं. पोटात असताना जिचा कान घडतच नव्हता, तिला ऐकू येत होतं!

"आता बापाची पाळी," विभा भावाला म्हणाली.

हेरंब वाकला. "ऋजू..." एवढंच तो म्हणाला, तर पोर ताठ झाली आणि मुठी आवळून किंचाळायला लागली. तो गप्प बसला तशी तीही शांत झाली. त्याने पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. बायका हसल्या.

"आवाज ओळखला हो तिने," पेढा खात डॉक्टर कुरुंदकर म्हणाल्या. "चौथ्या महिन्यात इंजेक्शन दिलं ना, त्याने कानातले वाढीचे रिसेप्टर जागे झाले आणि आठवड्यात कान पुरा झाला. तेव्हापासून ऐकतेय ती."

"आठवड्यात?" हेरंब पाळण्यापासून मागे सरला. "तुम्ही तर तीन महिने म्हणाला होतात."

"इतरांना लागतात. हिने घाई केली."

इंजेक्शननंतर दहाव्या दिवशी धीर सुटून तो शलाकावर ओरडला होता, "बहिरं पोर मला नको, पाडून टाक!" पुढे पाच महिने रोज पोटाशी तोंड नेऊन त्याने गाणी म्हटली होती.

त्याने शलाकाकडे पाहिलं. तीही काही विसरली नव्हती. तिने पोरीला उचलून त्याच्या हातांत दिलं.

"घे," ती हळूच म्हणाली. "फक्त बोलू नकोस."